मोठं मूल अजून अंथरूण ओलं करतंय? सुरुवात दिवसापासून करा

आमचा मुलगा साडेआठ वर्षांचा होईपर्यंत आमच्या गॅलरीतली दोरी कधी रिकामी नव्हती. चादर, चड्डी, दुपटं, पुन्हा चादर. शेजारच्या काकूंनी एकदा सहज विचारलं, "घरात बाळ आलंय का गं?" मुलगा तिथेच उभा होता. दुसऱ्या दिवसापासून तो ओली चादर पलंगाखाली कोंबायला लागला. वास यायला लागला तेव्हा मला पत्ता लागला.

तिथून कोरड्या रात्रींपर्यंत यायला आम्हाला जवळजवळ दहा महिने लागले. त्यातले पहिले चार वाया गेले. संध्याकाळी सहानंतर पाणी बंद, रात्री दोनदा उठवणं, कोरड्या रात्रीला चॉकलेट आणि ओल्या रात्रीला माझी बडबड, असं सगळं करून झालं. मग एका बालरोगतज्ज्ञ बाईंकडे गेलो. त्यांनी रात्रीबद्दल काही विचारायच्या आधी मुलालाच विचारलं, "शाळेतून पाण्याची बाटली किती भरलेली परत येते रे?" तो म्हणाला, "पूर्ण." आमची गाडी तिथून रुळावर आली, म्हणून हा लेखही त्याच वाटेने जातो. रात्रीचा नंबर यात बराच उशिरा लागतो.

आधी थोडे आकडे

पाच वर्षांपर्यंत झोपेत शू होणं याला डॉक्टर तक्रार मानतच नाहीत. पाचव्या वर्षी साधारण १५ ते २० टक्के मुलं अंथरूण ओलं करतात, दहाव्या वर्षी ५ टक्क्यांच्या आसपास, आणि पंधराव्या वर्षानंतरही शंभरात एक-दोन उरतातच. पन्नास मुलांच्या चौथीच्या वर्गात अशी दोन-तीन मुलं असणार. प्रत्येकाला मात्र वाटतं की जगात आपण एकटेच. मुलग्यांमध्ये हे प्रमाण मुलींच्या जवळपास दुप्पट असतं.

यातली सुमारे १५ टक्के मुलं दरवर्षी काहीही न करता कोरडी होतात. म्हणून "होईल आपोआप" हे आजीचं म्हणणं खोटं नाही. पण मूल सात-आठ वर्षांचं झालंय, आठवड्यातल्या बहुतेक रात्री ओल्या जातायत आणि त्याला स्वतःला त्याची लाज वाटतेय, तर वाट बघण्यात अर्थ नाही. उपाय आहेत आणि ते बऱ्यापैकी लागू पडतात.

कारणं मुख्यतः तीन, आणि बऱ्याच मुलांत ती एकत्र असतात. झोपेत लघवी कमी तयार व्हावी म्हणून मेंदूतून व्हॅसोप्रेसिन नावाचं संप्रेरक रात्री जास्त सुटतं. काहींच्या शरीरात ही घडी अजून बसलेली नसते, त्यामुळे रात्रीही दिवसाइतकीच लघवी होते. काहींची लघवीची पिशवी लवकर आवळते, कमी धरते. आणि तिसरं म्हणजे पिशवी भरल्याचा निरोप झोपलेल्या मेंदूपर्यंत पोचत नाही. आळस, हट्ट, मुद्दाम करणं यांचा इथे संबंध नाही. झोपलेलं मूल मुद्दाम काही करू शकत नाही, एवढी साधी गोष्ट मला चार महिने सुचली नव्हती.

पहिलं काम: घरात बोलणं

हे अनुवंशिकही असतं. आईवडिलांपैकी एकाला लहानपणी हा त्रास असेल तर मुलाला होण्याची शक्यता साधारण ४४ टक्के, दोघांना असेल तर ७७ टक्क्यांच्या घरात. आमच्याकडे हे असं उघडकीला आलं: एका सकाळी मी मुलावर ओरडत होते आणि सासूबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "त्याला काय बोलतेस? ह्याचा बाप सहावीपर्यंत करायचा." नवरा पेपर वाचत होता, तो पेपरमागेच राहिला. लग्नाला अकरा वर्षं झाली होती, मला हे माहीत नव्हतं.

त्या रात्री तो मुलाशेजारी आडवा झाला आणि त्याने सगळं सांगितलं. आत्याच्या लग्नात पंगतीच्या खोलीत सगळ्यांच्या रांगेत झोपवलं तेव्हा काय झालं, सकाळी त्याने तांब्याभर पाणी अंथरुणावर ओतून "पाणी सांडलं" असं कसं सांगितलं, सगळं. मुलगा पोट धरून हसला. माझ्या मते आमच्या घरात सगळ्यात मोठा उपचार हाच झाला. तुमच्या घरात असं कोणी असेल, मामा, काका, स्वतः तुम्ही, तर त्याला बोलतं करा.

एवढ्या गोष्टी मात्र घरातल्या प्रत्येकाने पाळायच्या, आजी-आजोबांनीही: मारायचं नाही, चिडवायचं नाही, भावंडांसमोर किंवा पाहुण्यांसमोर विषय काढायचा नाही. "विस्तवाशी खेळलास म्हणून रात्री केलंस" हे आपल्याकडचं जुनं वाक्य गमतीतही नको. शिक्षेने ओल्या रात्री कमी होत नाहीत, चादरी लपवणं तेवढं वाढतं.

बक्षिसाबद्दलही सांगते, कारण इथे मी स्वतः चुकले. कोरड्या रात्रीला बक्षीस देऊ नका. ते मुलाच्या हातात नाही, त्यामुळे ओल्या रात्री त्याला दोनदा हरल्यासारखं वाटतं. त्याच्या हातात जे आहे त्याला शाबासकी द्या: बाटली संपवली, झोपताना शू करून आला, सकाळी स्वतः चादर काढली.

दुसरं काम: डॉक्टरांकडे एकदा जाऊन या

सगळ्यांनी जावं. पण खालच्यापैकी काही असेल तर हा लेख बाजूला ठेवून आधी जा:

- सहा महिने किंवा जास्त काळ कोरडं राहिलेलं मूल अचानक पुन्हा करायला लागलं
- खूप तहान, वारंवार भरपूर लघवी, वजन उतरणं, थकवा. ही लहान मुलांच्या मधुमेहाची लक्षणं असू शकतात. यात त्याच दिवशी रक्तातली साखर तपासायची, उद्यावर टाकायचं नाही
- लघवीला जळजळ, ताप, लघवीत रक्त
- दिवसाही चड्डी ओली होणं, धार बारीक असणं, कुंथावं लागणं
- चालण्यात फरक, पायात अशक्तपणा, कमरेच्या खाली पाठीवर केसांचा पुंजका किंवा खळगा
- रोज जोरात घोरणं, तोंड उघडं टाकून झोपणं. वाढलेल्या ॲडेनॉइड-टॉन्सिलमुळे (नाकामागच्या आणि घशातल्या गाठींमुळे) झोप मोडते आणि त्याचा लघवीशी संबंध असतो

अचानक पुन्हा सुरू झालेलं असेल तर मनाकडेही बघा. नवं भावंड, शाळा बदलणं, घरातलं आजारपण, वर्गातली दादागिरी ही कारणं असू शकतात. क्वचित कोणीतरी मुलाला नको तसा स्पर्श करत असतं. मूल एखाद्या माणसाला किंवा जागेला टाळत असेल तर शांतपणे, त्याला दोष न देता विचारा.

तपासण्या फार नसतात. साधी लघवी तपासणी बहुतेक वेळा पुरते. सोनोग्राफी सरसकट सगळ्यांना लागत नाही. शी-च्या जागी रात्री खाज येत असेल तर जंतांचंही सांगा. आणि डॉक्टरांसमोर मुलाबद्दल बोलू नका, मुलाला बोलू द्या. आमच्या बाईंनी मला चक्क गप्प बसवलं होतं.

अंथरुणाची व्यवस्था

उपाय लागू पडायला आठवडे लागतात. तोवर तुमची झोप आणि गादी वाचली पाहिजे, नाहीतर तुमचाच धीर सुटेल.

गादीवर आधी वॉटरप्रूफ कव्हर, आकाराने पूर्ण. त्यावर चादर. त्यावर लहान बाळांसाठी मिळते ती ड्राय शीट, मोठ्या मापाची, आणि त्यावर पुन्हा चादर. रात्री शू झाली की वरचे दोन थर ओढून काढायचे, खाली कोरडं अंथरूण तयार असतं. दिवा लावून गादी उलटी करण्याचा तमाशा वाचतो. कापसाची गादी असेल तर हे आणखी गरजेचं, कारण पावसाळ्यात ती आठ-आठ दिवस वाळत नाही. जाड गोधडी पांघरायला देऊ नका, धुताना हात मोडतात. दोन पातळ पांघरुणं बरी.

गादीवर गेलंच तर जुन्या टॉवेलने दाबून टिपा, थंड पाण्याचा फडका फिरवा, वर खाण्याचा सोडा पेरून काही तास ठेवा आणि झाडून घ्या. ब्लीच मात्र वापरू नका. लघवीतल्या अमोनियाशी त्याचा संयोग होऊन घातक वायू निघतो. सकाळी मुलाची अंघोळ कमरेखाली साबण लावून व्हायलाच हवी, अंगाला येणारा वास हाच शाळेत चिडवण्याचा विषय होतो. कातडी लाल होत असेल तर रात्री पेट्रोलियम जेलीचा पातळ हात द्यावा.

चादर काढून बादलीत टाकणं हे मुलाचं काम. ही शिक्षा नाही, हे त्याला आधी सांगा. आपलं ताट आपण उचलतो तसं.

मोठ्या मुलांसाठी डायपरसारख्या पँट मिळतात. प्रवासाला किंवा परीक्षेच्या आठवड्यात मुलाला हव्या असतील तर वापराव्यात, त्यात कमीपणा नाही. फक्त अलार्म (शू होताच वाजणारं यंत्र, त्याबद्दल पुढे सांगते) सुरू केल्यावर त्या बंद.

वही

एक साधी वही घ्या आणि दोन आठवडे फक्त लिहा. रात्र कोरडी की ओली, डाग केवढा, साधारण कधी झालं. दिवसात पाणी किती प्यायला, शू किती वेळा, शी झाली का आणि कशी. या काळात काही बदलू नका.

शनिवार-रविवारी आणखी एक गंमत करा. स्वयंपाकघरातलं एक जुनं मापाचं भांडं कायमचं बाथरूमला देऊन टाका आणि दिवसभर प्रत्येक वेळची शू मोजा. मुलांना हा प्रयोग आवडतो. वयात एक मिळवून तीसने गुणलं की त्या वयाच्या पिशवीची अपेक्षित क्षमता मिलिलिटरमध्ये मिळते. नऊ वर्षांच्या मुलाची (९ + १) × ३० = ३०० मिली. हे सूत्र साधारण बाराव्या वर्षापर्यंत चालतं. मुलाची दिवसातली मोठ्यात मोठी शू, सकाळची पहिली सोडून, याच्या निम्म्याच्या आसपास अडकत असेल तर पिशवी लहान वागतेय.

रात्रीचं मोजायचं असेल तर डायपर पँट घालून झोपवा, सकाळी स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर तिचं वजन करा आणि कोरड्या पँटचं वजन वजा करा. एक ग्रॅम म्हणजे जवळपास एक मिली. त्यात सकाळची पहिली शू मिळवा. बेरीज अपेक्षित क्षमतेच्या १३० टक्क्यांहून जास्त, म्हणजे आपल्या नऊ वर्षांच्या मुलात ३९० मिलीच्या वर वारंवार जात असेल, तर रात्री लघवी जास्त तयार होतेय. पुढे अलार्म की गोळी हे ठरवताना डॉक्टरांना याचा फार उपयोग होतो.

दिवस: बाटली आणि शाळेचं टॉयलेट

आता मुख्य काम. आपल्याकडच्या शाळकरी मुलांचा दिवस असा असतो: सकाळी घाईत अर्धा कप दूध, शाळेत पाणी जवळजवळ नाही, कारण प्यायलं तर शू लागते आणि शाळेचं टॉयलेट घाण असतं. दुपारी घरी येऊन घटाघटा पाणी, संध्याकाळी खेळून आल्यावर पुन्हा, जेवताना, झोपताना. दिवसभराचं सगळं पाणी संध्याकाळी पाचनंतर पोटात जातं आणि रात्री अंथरुणात येतं. शिवाय सहा-सात तास शू दाबून ठेवल्याने पिशवी चिडचिडी होते ती वेगळीच.

म्हणून पाणी तोडू नका, त्याच्या वेळा बदला. दिवसभरात जे प्यायचं त्यातलं ४० टक्के सकाळी, ४० टक्के दुपारी आणि २० टक्केच संध्याकाळनंतर. पाच ते आठ वर्षांच्या मुलाला सगळी पेयं धरून दिवसाला साधारण १ ते १.४ लिटर लागतं, त्यापुढे तेराव्या वर्षापर्यंत १.२ ते २.३ लिटर. नागपूर-अकोल्याच्या एप्रिल-मेमध्ये किंवा खेळाच्या सरावात हे वाढवावं लागतं. उठल्याउठल्या एक पेला, शाळेला निघताना एक, मधल्या सुट्टीपर्यंत अर्धी बाटली, शाळा सुटेपर्यंत पूर्ण. आम्ही बाटलीवर मार्करने दोन रेघा मारल्या होत्या.

शू दिवसाला पाच ते सात वेळा, म्हणजे दर दोन-अडीच तासांनी. लागलेली असो वा नसो, मधल्या सुट्टीत जायचंच. मुलींनी बसताना पाय टेकलेले हवेत. अधांतरी अर्धवट बसून केली की पिशवी पूर्ण रिकामी होत नाही. घाई न करता शेवटच्या थेंबापर्यंत करायची, हे मुलग्यांनाही सांगावं लागतं.

यासाठी वर्गशिक्षकांशी बोलावं लागेल. "रात्री करतो" हे सांगायची गरज नाही. "डॉक्टरांनी दर दोन तासांनी लघवीला जायला सांगितलंय, तासाला विचारलं तर सोडा" एवढं पुरतं. डॉक्टरांची चिठ्ठी असली तर उत्तमच. टॉयलेट फारच वाईट असेल तर पालकसभेत तो विषय काढा. केरळच्या शाळांमध्ये २०१९ मध्ये पाणी पिण्यासाठी वेगळी घंटा सुरू झाली होती. त्यात खर्च काहीच नाही.

चहा बंद. हे वाक्य मी मुद्दाम वेगळं लिहितेय. आपल्या कितीतरी घरांत मुलं संध्याकाळी बिस्किटाबरोबर कपभर चहा पितात आणि कोणाला त्यात काही वाटत नाही. चहा, कॉफी, कोला यांतल्या कॅफीनने लघवी वाढते आणि पिशवीही चाळवते. चॉकलेटचं दूध रात्री नको.

पोट साफ आहे का?

हा भाग वगळू नका. गुदाशयात कडक शी साठली की ती समोरच्या लघवीच्या पिशवीला दाबते; पिशवीला जागा कमी उरते. कित्येक मुलांचं बद्धकोष्ठ बरं केल्यावरच अंथरूण कोरडं व्हायला लागतं. आणि आठ-नऊ वर्षांच्या मुलाची शी कशी होते हे आईला माहीतच नसतं, कारण तो आता दार लावून जातो. विचारा. एक-दोन दिवसाआड, लेंड्यांसारखी किंवा एकदम मोठी आणि दुखणारी, चड्डीला डाग लागणं, ही खूण आहे.

ज्वारी-बाजरीची भाकरी, पपई, पेरू, भाज्या, उसळी, आणि वर सांगितलेलं पाणी. मैद्याची बिस्किटं कमी, दूध लिटरभर पीत असेल तर तेही कमी. सकाळी सातची स्कूलबस असेल तर मुलाला शी-ला बसायला वेळच मिळत नाही. मग रात्रीच्या किंवा दुपारच्या जेवणानंतर दहा मिनिटं रोज बसवा. जेवणानंतर आतड्याला आपोआप चालना मिळते. कमोड असेल तर पायाखाली पाट ठेवा. एवढ्याने न सुटणाऱ्या बद्धकोष्ठाला डॉक्टर पातळ करणारी पावडर किंवा औषध देतात, ते महिनोन्‌महिने लागू शकतं. दोन दिवसांत बरं वाटलं म्हणून बंद करू नका.

दिवस आणि पोट यांवर एक-दीड महिना नेटाने काम करा. काही मुलं एवढ्यावरच कोरडी होतात. आमचा झाला नाही, पण आठवड्याच्या सात ओल्या रात्रींच्या चार झाल्या.

संध्याकाळ

जेवण झोपायच्या दोन तास आधी व्हावं, फार खारट नको. पापड-लोणची-वेफर्स खाऊन तहान लागणारच. झोपायच्या आधीच्या तासाभरात पाण्याचे फक्त घोट. कोरड पडलेल्या मुलाला पाणी नाकारू नका. झोपायची वेळ ठरलेली असू द्या. अंथरुणावर जाताना एकदा शू, आणि गोष्ट किंवा गप्पा झाल्यावर दिवा मालवताना पुन्हा एकदा. टॉयलेटच्या वाटेवर रात्रभर छोटा दिवा ठेवा. वाडा, चाळ किंवा गावाकडचं घर असेल आणि टॉयलेट बाहेर असेल तर खोलीत झाकणाचा डबा ठेवायला हरकत नाही. अंधाराला भिऊन न उठणारी मुलं थोडी नसतात.

रात्री उठवून नेण्याबद्दल: त्याने चादर वाचते, पण मूल काही शिकत नाही, कारण जागं तुम्ही झालेले असता. तो झोपेतच चालतो, झोपेतच करतो. पाहुण्यांकडे असताना करा, उपचार म्हणून करू नका.

तीळगूळ, खसखस, आवळा, जायफळ हे सगळं आम्हालाही सुचवलं गेलं. शार्ङ्गधर संहितेत बालरोगांच्या यादीत 'शय्यामूत्र' येतं, म्हणजे त्रास जुनाच आहे. तीळगूळ खाऊन काही बिघडत नाही, थंडीत द्याच. पण त्याच्या भरवशावर बाकीचं सोडू नका, आणि ज्या पुडीत काय आहे हे सांगता येत नाही ती पुडी मुलाच्या पोटात घालू नका.

अलार्म

यामागची कहाणी मजेशीर आहे. १९०४ मध्ये फाउंडलर नावाच्या बालरोगतज्ज्ञांनी रुग्णालयात मुलांच्या अंथरुणाला विजेची घंटा जोडली. कोणाचं अंथरूण ओलं झालं हे परिचारिकांना कळावं एवढाच हेतू होता. झालं असं की मुलंच कोरडी राहायला लागली. १९३८ मध्ये अमेरिकेतल्या मौरर दांपत्याने यावर पद्धतशीर काम केलं, आणि आजही टिकाऊ परिणाम देणारा उपाय हाच समजला जातो. वापरणाऱ्यांपैकी साधारण दोन तृतीयांश मुलं कोरडी होतात.

एक छोटा सेन्सर चड्डीला चिमट्याने लावतात आणि आवाज करणारी डबी टी-शर्टच्या खांद्याला. पहिला थेंब पडला की कर्कश वाजतं. ऑनलाइन मिळतो, स्वस्त नाही, पण एकदाच घ्यायचा. सात वर्षांच्या आतल्या मुलासाठी किंवा ज्याला स्वतःला नको आहे अशा मुलासाठी घेऊ नका. आणि दहावी-बारावीचं भावंड त्याच खोलीत झोपत असेल तर परीक्षा होऊ द्या.

आता खरं सांगते. पहिले दोन आठवडे अलार्म वाजला की आम्ही उठलो, सासूबाई उठल्या, एकदा खालच्या मजल्यावरचे काका उठले. मुलगा सोडून सगळे उठले. हे असंच होतं, यंत्र बिघडलेलं नाही. म्हणून त्या काळात एका मोठ्या माणसाने त्याच खोलीत झोपायचं. वाजलं की लगेच मुलाला पूर्ण जागं करायचं, गार पाण्याचा हात तोंडावरून फिरवायचा. अलार्म त्याने स्वतः बंद करायचा, स्वतः जाऊन उरलेली शू करायची, चड्डी बदलायची, सेन्सर पुसून परत लावायचा. हे तुम्ही त्याच्यासाठी केलंत तर वेळ वाचेल आणि उपयोग शून्य होईल. पहिल्या रात्रीच्या आधी दिवसाढवळ्या याची दोन-तीनदा रंगीत तालीम करा.

फायदा आधी कोरड्या रात्रींत दिसत नाही. डाग लहान होतो, वेळ पहाटेकडे सरकते, मूल आवाजाने स्वतः उठतं. चार आठवड्यांत यातलं काहीच दिसलं नाही तर डॉक्टरांशी बोला. दिसलं तर चालू ठेवा, सलग १४ रात्री कोरड्या होईपर्यंत. बहुतेकांना दोन ते तीन महिने लागतात. काही मुलं नंतर रात्री उठून जातात, काही सकाळपर्यंत झोपून कोरडी राहतात, दोन्ही ठीक.

त्या १४ रात्रींनंतर लगेच काढून ठेवू नका. झोपण्यापूर्वी मुद्दाम थोडं पाणी द्या, अर्धा पेला, मग काही दिवसांनी पाऊण, मग एक, अलार्म लावूनच. पुन्हा १४ कोरड्या रात्री झाल्या की बंद. ही पिशवीची शेवटची परीक्षा आणि याने पुन्हा सुरू होण्याचं प्रमाण कमी होतं.

गोळी

डेस्मोप्रेसिन हे व्हॅसोप्रेसिनसारखंच काम करणारं औषध. रात्री लघवी कमी तयार होते. लागू पडतं तेव्हा लगेच लागू पडतं, पण थांबवल्यावर बऱ्याच मुलांत त्रास परत येतो. ज्यांची रात्रीची बेरीज जास्त आहे त्यांना, किंवा सहलीला आणि शिबिराला, याचा चांगला उपयोग होतो.

नियम एकच पण कडक: गोळी घेण्याच्या तासभर आधीपासून पुढचे आठ तास पाणी नाही, घोटभर सोडून. शरीरात पाणी साठून सोडियम उतरलं तर डोकेदुखी, उलट्या, झटके येऊ शकतात. ताप, उलट्या, जुलाब असतील त्या रात्री गोळी द्यायची नाही. याच कारणाने या त्रासासाठी नाकात मारायचा फवारा आता देत नाहीत. मात्रा डॉक्टरच ठरवतील. भाच्याची उरलेली पट्टी वापरू नका. इमिप्रामिन हे जुनं औषध कोणी सुचवलं तर त्याचा हृदयावरचा परिणाम विचारून घ्या, आणि ते घरात असेल तर कुलपात ठेवा.

सहल, मामाचं गाव, वसतिगृह

सहलीला न पाठवणं हा उपाय नव्हे. मुलाच्या पिशवीत गडद रंगाची स्लीपिंग बॅग, आत एक पातळ ड्राय शीट, दोन जादा चड्ड्या, झिपची पिशवी. एका विश्वासातल्या शिक्षकाला सांगून ठेवा, मुलाला विचारूनच. गोळी द्यायची असेल तर निघण्याच्या काही आठवडे आधी घरी वापरून मात्रा जमवून घ्या. तिथे जाऊन पहिला प्रयोग नको. मामाकडे मामीला फोन करून सरळ सांगितलं की निम्मं ओझं उतरतं.

सहावीपासून नवोदय किंवा सैनिक शाळेत जायचं असेल तर प्रवेशपरीक्षेच्या वर्षीच, म्हणजे पाचवीतच, हे सगळं सुरू करा. निकाल लागल्यावर दोन महिने हातात राहतात आणि अलार्मला तेवढे पुरत नाहीत.

पुन्हा झालं तर

सहा महिन्यांनी, ताप येऊन गेल्यावर किंवा दिवाळीच्या सुट्टीत दिनक्रम बिघडल्यावर एखादी रात्र ओली जाईल. एका रात्रीचं काही मनावर घेऊ नका, चादर बदला. दोन आठवड्यांत दोनहून जास्त वेळा झालं तर आधी बाटली बघा, मग पोट बघा, आणि तरीही थांबलं नाही तर अलार्म पुन्हा लावा. दुसऱ्या वेळी तो लवकर काम करतो. आमचा कपाटात वरच्या कप्प्यात आहे. त्यातले सेल तेवढे काढून ठेवा. आमचे गळले आणि डबीचा एक पत्रा गंजला.